बानो सिस्टरची पट्टी

पनवेलच्या आमच्या दवाखान्यात ड्रेसिंगची खोली जिन्याखाली आहे. तिथं हुस्नबानो सव्वीस वर्षं लोकांच्या जखमा धुते आहे. नवरा मस्कतला असतो. त्यानं आणलेलं अत्तर ती मास्कच्या आत लावते, पुवाचा वास मारायला. गोड बोलणारी परिचारिका वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. सडलेलं मांस काढताना पेशंट ओरडला की ती म्हणते, "ओरड हवं तेवढं, पण पाय हलवू नको." मी सर्जन आहे, तापट आहे, आणि या बाईला जरा बिचकूनच असतो.

निकेशला आणलं तेव्हा त्याची नडगी उघडी पडली होती. गावच्या क्रिकेट स्पर्धेत, फायनलला, एका रनआउटवरून आधी स्टंप चालले आणि मग कोयता निघाला. दुसऱ्या आळीतल्या शैलेशनं घातलेला घाव हाडापर्यंत गेला. रक्त थांबावं म्हणून कोणीतरी त्यात मूठभर हळद आणि मैदानातली माती कोंबली होती. मी दोनदा ऑपरेशन केलं. टाके घालण्यासारखं काही उरलं नव्हतं, जखम तळापासून भरत वर यायला हवी होती.

तेव्हा माझा एक अभ्यास चालू होता, दोन तऱ्हेच्या ड्रेसिंगपैकी कशानं जखम लवकर भरते याचा. दर मंगळवारी हुस्नबानो जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पेनानं कड गिरवायची, मग ते आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायची. निकेशची जखम पाच आठवडे छान आकसली. सहाव्या आठवड्यात वाढली. सातव्यात आणखी वाढली, वर पू झाला. मी औषधं बदलली, साखर तपासली, सगळ्या सिस्टरांवर खेकसलो. असंच चाललं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, हे निकेशला तोंडावर सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आली नाही.

हुस्नबानोनं सातही प्लास्टिकं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. जखम एकाच बाजूनं वाढत होती, आतल्या वरच्या कडेनं, जिथं बसल्या बसल्या उजवा हात पोचतो. तिनं दार लावून घेतलं.

"आतून सडणारी जखम अशी एकीकडून वाढत नाही," ती निकेशला म्हणाली. "कशानं खरवडतोस?"

त्यानं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मग बोलला. त्याचे वडील नाहीत, घरात शब्द दीपेशकाकाचा. काकानं भावकीसमोर शपथ घेतली होती, की ज्याच्या पायावर घाव पडला त्यानंच तो फेडायचा, पट्टी सुटेल त्याच दिवशी. शैलेश जामिनावर सुटून रोज नाक्यावर दिसत होता. काकानं कोयत्याला धार लावून ठेवली होती. "मला कोनाला नाय मारायचा, सिस्टर. पन घरात सांगू कसा? जखम हाय तवर मी सुटलोय."

हे सगळं मला फार उशिरा कळलं. आधी सांगितलं असतं तर मी तडक पोलिसांना फोन लावला असता आणि दोन्ही आळ्या पेटल्या असत्या, हे ती ओळखून होती. तिनं किल्ली ठेवून घेतली. "जखम मी भरते. पट्टी मात्र सोडणार नाही. कोणी विचारलं तर ओली आहे म्हण."

चौदाव्या आठवड्यात जखम भरली. माझ्या कागदावर तिनं खरं तेच लिहिलं, शून्य चौकोन. पायावर मात्र पट्टी बांधली. ते शून्य बघून मी हरखलो आणि नको ते करून बसलो. बाहेर बाकावर बसलेल्या दीपेशच्या पाठीवर थाप मारून चारचौघांत म्हणालो, "पुतण्या ठणठणीत झाला तुमचा. आता सोडा ती पट्टी."

दीपेश उठला तो थेट ड्रेसिंगच्या खोलीत. हुस्नबानो आडवी आली, तर तिला त्यानं असं ढकललं की तिचं डोकं स्टीलच्या कपाटाच्या कडेवर आपटलं. निकेशची पट्टी त्यानं ओरबाडून काढली. खाली गुलाबी, कोरडी, नवी कातडी होती. त्यानं निकेशच्या कानाखाली एक ठेवून दिली, मग दुसरी, मग केसांना धरून त्याला फरशीवर आपटलं. "मला फसवतोस? चल. कोयता डिकीत हाय. आजच."

मी दारात पोचलो तेव्हा निकेशच्या हातात ट्रेमधलं ब्लेड होतं. मला वाटलं, आता हा काकावर जाणार. त्यानं ते स्वतःच्या नडगीवर, त्या नव्या कातडीवर टेकवलं आणि वरून खाली ओढलं. मग पुन्हा एकदा, त्याच रेघेत. रक्त काकाच्या पँटवर उडालं.

"आता सुकली काय सांग," तो म्हणाला. "परत सुकली की परत कापीन."

मी जागचा हललो नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही हललो. हुस्नबानो उठली. तिच्या कानामागून रक्त येत होतं. तिनं दीपेशचं मनगट धरून ओढलं आणि त्याचा पंजा जखमेवर दाबला. "दाब. मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही." तो दांडगा माणूस गुडघ्यांवर बसून पुतण्याचा पाय दाबत राहिला. रक्त त्याच्या बोटांच्या फटींतून ओघळत मनगटापर्यंत आलं. थोड्या वेळानं तो रडायला लागला. दहा मिनिटं पुरी होईपर्यंत तिनं त्याला हात काढू दिला नाही.

मग मी टाके घातले. चार तिच्या डोक्यालाही घातले.

तीन आठवड्यांत तो पाय पुन्हा बरा झाला. या गोष्टीला आता सात महिने होतील. दर मंगळवारी दीपेश स्वतः निकेशला गाडीवर बसवून आणतो. बाकावर गावची, भावकीतली चार माणसं असतातच. हुस्नबानो दार लावून कोरड्या पायाला नवी पट्टी बांधते. ती बाहेर आली की काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "नाय ना सुकली अजून, सिस्टर?"

"नाही," ती म्हणते. "पुढच्या मंगळवारी बघू."