गाडी उत्तम आहे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या गुरुजींचे. नाव लिहीत नाही, लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. पण आमच्या गावात, वांकिडीत, नुसतं ‘मराठी शाळेचे गुरुजी’ म्हटलं तरी लोक घर दाखवतात. माझ्याआधी आमच्या घरात कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. आई-वडील दुसऱ्यांच्या शेतात जायचे आणि दहावीनंतर मीही जाणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. कॉलेजचा फॉर्म, वसतिगृह, बीएड, या सगळ्या ठिकाणी गुरुजी माझ्यासोबत आले, साहेबांसमोर उभे राहिले, म्हणून आज मी आदिलाबादजवळच्या एका सरकारी शाळेत शिकवतो आहे.

दहावीचं परीक्षा केंद्र आसिफाबादला होतं. गुरुजींनी तेव्हा नुकतीच एक पांढरी व्हॅन घेतली होती. रोज सकाळी आम्हा सात जणांना त्या व्हॅनमध्ये बसवून ते पेपरला नेत. मी त्याआधी कधी मोटारीत बसलो नव्हतो. पुढची जागा मानाची, तिथे गुरुजींनी मला बसवलं.

चार वर्षांपूर्वी त्यांना लांबचं दिसेनासं झालं, तेव्हा ती व्हॅन त्यांनी मला दिली. “परक्याच्या हातात जाऊन तिचे हाल नाही झाले पाह्यजे,” म्हणाले. हाल कोणाचे व्हायचे होते, ते तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी गाडी गुडीहतनूरच्या अलीकडे बंद पडली. घरी आलो तर गुरुजींचं पोस्टकार्ड आलेलं. त्यांना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ते पत्र लिहितात. ‘गाडी बरी चालते ना? तिला सावलीत लावत जा.’ मी हात धुतले, ग्रीसचे डाग नखांत तसेच होते, आणि उत्तर लिहिलं, ‘गाडी उत्तम आहे.’ दुसरं काय लिहिणार होतो?

पुढच्या महिन्यात त्यांनी लिहिलं, ‘तुझं पत्र हॉटेलात चारचौघांना वाचून दाखवलं.’ झालं. आता मागे फिरायची वाटच बंद झाली.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. गाडी तापली की पुढच्या माणसाला खाली उतरवून, सीट उचलून, आत पाणी घालावं लागतं. आमच्याकडे पुढे बसतो तो घरातला वडीलधारा. म्हणजे या गाडीने ज्याचा मान करावा, त्यालाच दर दहा-बारा मैलांवर रस्त्यात उभं करायचं. सासूबाईंना लग्नाला नेलं तेव्हा जाताना त्यांना तीनदा उतरवलं. चौथ्यांदा मी नुसती मान वळवली, तर त्या स्वतःच दार उघडून उतरल्या.

“जावईबापू, येताना मी मांगंच बसतो,” त्या म्हणाल्या. “असा मान नको अन् असा जाळ बी नको.”

पाण्याचे दोन डबे कायम गाडीत. सेल्फ लागला तर लागला, नाही तर धक्का. शाळा सुटली की आमचे तेलुगूचे मास्तर, सज्जन माणूस, पंखा बंद करता करता मला विचारायचे, “सारू, बंडी लेचिंदा?” गाडी उठली का? आयसीयूतल्या पेशंटची चौकशी करावी तसे. मग चार शिक्षक शर्टाच्या बाह्या वर करून मागे लागत. पगार वेळेवर होत नसेल एखाद वेळी, माझा धक्का मात्र कधी चुकला नाही.

बस स्टँडमागचा मिस्त्री तर मला लांबूनच ओळखायचा. “आओ साब. आज क्या बोल रई अम्मा?” सेल्फ दुरुस्त केला की वायर जळायची, वायर बदलली की पाण्याचा पाइप फुटायचा. एकदा मी चिडून म्हणालो, “बेच देता हूँ इसको.” तो हसला. “आप नई बेचते साब. ये गाडी नई है, आप के ससुराल का रिश्ता है.” मी सांगितलं, सासरचं नाही, गुरुजींचं. तो गंभीर झाला आणि म्हणाला, “तो फिर और मुश्किल.”

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. दाराचं मात्र नेता आलं नाही. मागचं सरकतं दार बंद केल्यावर खट्ट असा आवाज व्हायचा, बंद झालं असं वाटायचं, आणि वळणावर ते आपोआप सरकायचं. केरामेरीच्या घाटात माझी मुलगी त्याला टेकून बसली होती. तिच्या आईने तिचा फ्रॉक धरला म्हणून ती आज आहे. मिस्त्रीने दोनदा लॉक बदललं, तरी महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी मी दार आतून नायलॉनच्या दोरीने सीटला बांधायला लागलो. त्या महिन्याच्या पत्रात मी लिहिलं, ‘दाराचं थोडं काम केलं, आता छान आहे.’

या पावसाळ्यानंतर गुरुजींचं कार्ड आलं. माझ्यानंतरच्या बॅचचा त्यांचा एक विद्यार्थी होता. आसपासच्या पाड्यांवरची मुलं शाळेत नेण्याआणण्यासाठी त्याला गाडी हवी होती. ‘मी त्याला तुझी सगळी पत्रं वाचायला दिली. न बघताच हो म्हणाला. तू आता नवी घेशील, ही त्याच्या कामी येईल. रविवारी पाठवतो.’

खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. बायको तर कार्ड हातात घेऊन हसतच सुटली.

“देऊन टाका एकदाची! मी नारळ फोडतो.”

“अन् दार?”

“त्याले डोये नाहीत काय? पाहून घेईन तो. तुमी काऊन कुढून राह्यले?”

रविवारी तो आला. साधा, हसरा माणूस. त्याच्या पिशवीत माझी पत्रं होती, रबर लावून. चालवून बघायला उटनूरपर्यंत जाऊ म्हटलं. तो पुढे बसेना.

“नाही दादा, मी मांगं बसतो. पोरं बसतीन तिथं कसं वाटते ते पाहू द्या.”

चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चार वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते सगळं त्या दिवशी झालं. चढ चढली, तापली नाही, डब्यातल्या पाण्याचा थेंब लागला नाही. उटनूरला बंद करून चहा घेतला, पुन्हा चावी, पुन्हा सुरू. मला इतका राग आला की स्टिअरिंगवर बुक्की मारावीशी वाटली. ज्या दिवशी हिने बंद पडून माझं काम सोपं करायचं, त्याच दिवशी ही नव्या नवरीसारखी वागत होती.

मागून तो मोजत होता. “इथं लहान चार बसतीन, तिथं तीन. माह्यी पोरगी दारापाशीच बसन. तिले वारा लागते, नाही तं उलटी होते.” मग थांबून म्हणाला, “दादा, हे दोरी कायची?”

“सामान बांधाले,” मी म्हणालो.

“असं व्हय. गुरुजी म्हणत होते, तुमच्या पत्रात एक शब्द खोटा नसते.”

घरी आलो, गाडी उभी केली आणि त्याला म्हणालो, “आठ दिवस थांब. गाडी कोणालाच द्यायची नाही मले, पण हे आधी गुरुजींले सांगतलं पाह्यजे.” तो गोंधळून बघत राहिला. बायको आतून नारळ घेऊन आली होती. माझं तोंड बघून ती तशीच आत गेली.

त्या दिवशी लिहिलेलं पत्र हे असं.

आदरणीय गुरुजी, सविनय जयभीम.

चार वर्षं मी तुम्हाला खोटं लिहिलं. गाडी उत्तम नाही. पहिल्या पत्राच्या दिवशीही नव्हती. ती तापते, बंद पडते, चार माणसांनी ढकलल्याशिवाय निघत नाही. हे सगळं मी अजून चार वर्षं लपवलं असतं. पण तिचं मागचं दार बंद राहत नाही. चालत्या गाडीत ते उघडतं. त्यातून माझी मुलगी पडता पडता वाचली. तुम्ही पाठवलेल्या माणसाने मला दोरीबद्दल विचारलं, तेव्हा त्याच्याशीही मी खोटं बोललो. त्याची मुलगी त्याच दारापाशी बसणार आहे.

गाडीला नावं ठेवणं म्हणजे तुम्हाला नावं ठेवणं, असं मला वाटत होतं. परीक्षेला जाताना तुम्ही मला पुढे बसवलंत. सीट तेव्हाही गरम होती. मला वाटलं होतं, मोटारीची सीट अशीच असते. सकाळी गारवा होता, बरं वाटलं होतं. त्याचं देणं मी अशा पत्रांनी फेडत बसलो, हे माझं चुकलं.

गाडी मी मोडीत देतो आहे. तुमची परवानगी मागत नाही, कारण तुम्ही थांब म्हणालात तर मी पुन्हा थांबेन. त्याच्यासाठी दुसरी गाडी बघायला मी भैंशाला त्याच्यासोबत जाईन. या वेळी प्रत्येक दार आधी दहा वेळा लावून बघेन.

रागवा, पण लिहा. आणि माझी आधीची पत्रं तुम्ही हॉटेलात वाचून दाखवलीत, तसं हेही वाचून दाखवा.

तुमचा विद्यार्थी

ता. क. हे पत्र टाकायला गाडीने निघालो होतो. पोस्टात पायी आलो.