पफमामा आणि खुंटावरची अळंबी

आमच्या नाटक कंपनीत चेहरे रंगवायचे ते पफमामांनी. खरं नाव व्यवस्थापकालाही आठवत नसावं. हातात सदा पावडरचा पफ, म्हणून पफमामा. "बाई, हनुवटी वर. दोन आहेत, त्यातली एक लपवतो," म्हणायचे, आणि मी चिडले की खुदकन हसायचे.

हवेत ओल आली की मात्र मामा वेगळेच होत. सकाळी नाट्यगृहामागच्या रानात जात, झाडाझाडाला हात लावत फिरत. एकदा मीही सोबत गेले. पडलेल्या फांदीवर कानाच्या पाळीसारखं काहीतरी लुसलुशीत लटकत होतं. "हे गरीब आहे, खाल्लं तरी बाधत नाही," मामा म्हणाले. एका उभ्या झाडाच्या बुंध्याला फळीसारखी कडक बुरशी फुटली होती. "हिला भिऊ नका, झाडाला भ्या. आतून पोखरलंय." मग एका जुन्या खुंटापाशी ते थांबले. त्यावर मधाच्या रंगाची अळंबी दाटीवाटीने उगवली होती. मामा त्यापाशी उकिडवे बसले.

"ह्याच खुंटावरची नेली होती मी."

गोष्ट कंपनीत सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी काढत नसे. मामांचं लग्न तेव्हा नवंच होतं. ओंजळभर अळंबी घरात ठेवून ते प्रयोगाला निघाले. बायकोने चिरता चिरता विचारलं, "नीट बघितलीत ना?" हे दारातूनच म्हणाले, "हो गं." तिने एकटीने खाल्ली. पहाटे उलट्या झाल्या, मग बरं वाटून ती कामालाही लागली. नंतर डोळे पिवळे पडले, आणि गेली. डॉक्टर म्हणाले कावीळ. गावात साथ होतीच.

साथीने गेली की अळंबीने? मामांना जन्मभर एवढंच कळायला हवं होतं. कारण घरात शिरलं की ती अजून विचारायची. चुलीपाशी, मोरीत, उशाशी. "नीट बघितलीत ना?"

पुढे एका वनरक्षकाने त्यांना विषारी अळंबी ओळखायची युक्ती शिकवली. टोपी देठापासून कापायची, आतल्या चुण्यांची बाजू खाली करून काचेवर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. रात्रीतून चुण्यांतली पूड काचेवर उतरते. त्या मधाळ अळंबीची पूड पांढरी. अगदी तिच्यासारखीच दिसणारी एक जीवघेणी असते, तिची गंजाच्या रंगाची.

मग दर वर्षी रंगपटाच्या टेबलावर त्या खुंटाच्या टोप्या मांडल्या जाऊ लागल्या. दर वर्षी पूड पांढरी. "बघा, निर्दोष सुटलो," मामा म्हणायचे. पण घरी खटला चालूच.

एका वर्षी त्यांनी मला हाक मारली. "बाई, मोतीबिंदूने सगळंच दुधाळ दिसतंय. रंग तुम्ही सांगा."

मी वाट्या उचलत गेले. पांढरी. पांढरी. हीही पांढरी. मग कडेची छोटी टोपी उचलली, तर काचेवर गंजाच्या रंगाची पूड. एकाच खुंटावर, एकाच झुबक्यात दोन जाती! वरची चार बघितली की माणूस बाकीची निर्धास्त खुडतो.

स्टेजवर मी मेलेल्या माणसाला जिवंत सांगून टाळ्या घेतल्या आहेत. इथे खोटं बोलता येईना.

"बाई?"

"बाकीच्या पांढऱ्या आहेत, मामा. एक गंजाची."

ते स्टुलावर बसले. समोरच्या आरशाकडे बघून हळूच म्हणाले, "नव्हती गं बघितली."

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखेच सगळ्यांचे चेहरे रंगवले. काही दिवसांनी मात्र माझ्या गालावर पफ फिरवता फिरवता ते थांबले.

"ती आता विचारत नाही हो. घरात पाऊल टाकवत नाही. बाई, तुम्ही सगळ्यांचे आवाज काढता. तिचा एकदा काढाल?"

बाहेर पहिली घंटा झाली. मी त्यांच्या हातातला पफ काढून घेतला.

"नाही, मामा. तो आवाज माझ्याकडे नाही. तुम्हीच सांगा, कशी होती ती?"

इतक्या वर्षांत तिचं एकच वाक्य आम्ही ऐकलं होतं.

"घोरायची," मामा म्हणाले. "अशी घोरायची की शेजारचे भिंत ठोकायचे. आणि सकाळी वर मलाच म्हणायची..." त्यांना हसू फुटलं, आणि हसताहसताच हुंदका.

दुसरी घंटा झाली. माझा अर्धाच चेहरा रंगला होता.

"काय म्हणायची?" मी विचारलं.