पत्र कोणाच्या घरचं

कन्नडच्या एसटीत रविवारी सकाळी ती बाई माझ्या शेजारी येऊन बसली. वय साठीच्या पुढचं, पाय सुजलेले, मांडीवर कव्हर घातलेलं मराठी बायबल. पान उलटायला ती बोट जिभेपर्यंत न्यायची आणि ओशाळून पदराला पुसायची. पोस्टातून रिटायर झाल्याचं तिनंच सांगितलं. मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही.

कन्नडच्या अलीकडं एका खेड्यात तिचं चर्च होतं. तिथं दर रविवारी लोकांना बायबलमधलं वचन समजावून सांगायची ती. आता चर्चच्या नव्या पंचांनी बायबलमधल्या एका पत्रावर बोट ठेवून सांगितलं होतं, बायकांनी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, गप्प बसावं.

"अगं, ते पत्र करिंथ गावच्या लोकांना होतं. तिथं कशावरून भांडण चाललेलं, ते बघायला नको? पोस्टात असताना मी लोकांना पत्रं वाचून दाखवायचे. चुकीच्या घरी वाचलं, की भलत्याच सुनेला शिव्या बसतात."

मला हसू आलं. ती हसली नाही. हे तिनं पंचांना कितीदा सांगितलं असेल, ते आवाजातच कळत होतं.

"आज बोलू देतील?" मी विचारलं.

"नाय. पण पहिल्या बाकावर बसणारंय मी. शिकवताना त्यांना माझ्याकडं बघावं तर लागंल."

मला शाळेपासून शेवटचा बाक आवडतो. तिथं कुणी काही विचारत नाही.

फाट्यावर ती दांडी धरून सावकाश उतरली. गाव तिथून बरंच आत होतं.