घोषालबाबूंनी इराला घेतलं

माझ्या मुलीचं एका त्रेपन्न वर्षांच्या, विवाहित, पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाशी जमलं आहे, अशी माझी एका शनिवारी दुपारी पक्की खात्री झाली होती.

याचं मूळ माझ्या एका नियमात आहे. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की मूळ माझ्यातच आहे.) नोकरीमुळे आम्ही बावीस वर्षं कलकत्त्यात आहोत, बराकपूरला राहतो. इरा इथंच वाढली. तिचं मराठी टिकावं म्हणून मी फतवा काढला होता: घरात फक्त मराठी, आणि इंग्रजी शब्द आला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे इरा आमच्याशी बोलते ते बंगालीच, फक्त शब्द मराठी. ती अजून पाणी 'खाते'.

एम.ए. झाल्यावरही ती विद्यापीठाजवळच खोली घेऊन राहत होती. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, घोषालबाबूंनी मला घेतलं."

"घेतलं म्हणजे?"

"म्हणजे... ठेवणार. मी फार खूश आहे. पण तुमचं हो पाहिजे. शनिवारी एक वाजता या. विद्यापीठाच्या फाटकासमोर मेक्सिकन खाण्याचं दुकान आहे, तिथं. तेही येणार."

फोन ठेवून मी पलंगावर बसलो. आठच दिवसांपूर्वी आम्ही तिचा फोटो आणि माहिती नागपूरच्या मावशीकडे स्थळांसाठी पाठवली होती.

"घोषाल," मी सुनंदाला म्हटलं. "बंगाली आहे."

"कलकत्त्यात राहून दुसरं कोण मिळणार?" असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

शनिवारी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, संदेश मिठाईचा डबा घेऊन, अर्धा तास आधीच पोचलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर मोठाल्या टोप्या टांगलेल्या आणि सगळ्या टेबलांवर विद्यार्थी. इस्त्रीचे कपडे फक्त आमचेच. मेनूकार्डावरचा एकही पदार्थ ओळखीचा नव्हता. सुनंदानं टाको मागवले, कारण ते नाव सगळ्यांत लहान होतं.

बरोबर एक वाजता खादीचा कुर्ता घातलेले, खांद्याला झोळी लावलेले एक गृहस्थ हात जोडत आमच्या टेबलाशी आले.

"नमस्कार. मी घोषाल. मी इराचा..." नेमका तेव्हाच काउंटरमागचा मिक्सर सुरू झाला. तो थांबेपर्यंत ते खुर्चीत बसून टाको मागवून मोकळे झाले होते.

मुलाचे वडील आधी आले, असं मी धरलं. पुढचं बोलणं बंगालीतून झालं, कारण मला बंगाली येतं असा माझा बावीस वर्षं समज आहे.

"मुलगा नाही आला?" मी विचारलं.

"मुलगा? माझा? तो बंगळुरूला असतो," ते गोंधळून म्हणाले. "त्याचा यात काय संबंध?"

"मग इराला कोणी घेतलंय?"

"मीच," ते म्हणाले. वर अभिमानानं हसले.

माझ्या हातातल्या टाकोची कडक पोळी मोडली आणि आतला राजमा मांडीवर पडला. मी तो टिपत बसलो, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

"आपलं वय?" शेवटी मी विचारलं.

"त्रेपन्न. पण काळजी करू नका, पाच वर्षं मी कुठं जात नाही."

"आणि पाच वर्षांनंतर?"

"नंतर ती मोकळी. तिच्या जागी मी नवीन कोणाला तरी घेईन."

"आधी... होत्या कोणी?"

"सात. पाचजणी वेळेत सुटल्या. एक लग्न करून अर्ध्यावर सोडून गेली. आणि एक नऊ वर्षं झाली तरी जातच नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "तिचं काय करावं कळत नाही."

मी पाण्याचा ग्लास शोधायला लागलो. समोरच्या वाटीत लाल सार दिसलं, ते मी उचलून पिऊन टाकलं. ते सार नव्हतं, टाकोबरोबरची चटणी होती. पुढची काही मिनिटं मी खोकत होतो आणि घोषालबाबू माझ्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवत होते. होणारा जावई सासऱ्याची पाठ चोळतो आहे, या विचारानं खोकला आणखी वाढला.

"आपल्या मिसेसना हे माहीत आहे?" श्वास आल्यावर मी विचारलं.

"तिनंच तर इराला पसंत केलं."

आता मात्र मी उभा राहिलो. पँटवर राजमा, डोळ्यांतून पाणी, पण आवाज खणखणीत. "घोषालबाबू, आम्ही साधी माणसं आहोत. आमच्यात हे चालत नाही. मी परवानगी देणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "अशी मुलगी वाया घालवू नका. तुम्ही तिचं घाईनं लग्न लावून देणार असाल तर..."

"लावणारच. महिन्याभरात."

मागून कोणीतरी हुंदका दिला. इरा उभी होती. तिनं माझं एवढंच वाक्य ऐकलं होतं.

"बाबा, मी शिकायला नको आहे का तुम्हाला?" तिचे डोळे भरून आले होते.

"शिकायला?" मी म्हणालो. "यात शिकायचं काय आहे?"

"पीएच.डी., बाबा. सर माझे गाइड आहेत आणि मला निवडणाऱ्यांत त्यांच्या मिसेसही होत्या. फोनवर मराठी शब्द आठवला नाही, आणि इंग्रजी वापरला असता तर तुम्ही वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं."

मी हळूहळू खाली बसलो. सुनंदाचा दुसरा टाको संपत आला होता.

"तुला कळलं होतं?" मी तिला विचारलं.

"सात म्हणाले तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही उभे राहिलात. तुम्ही उभं राहून बोलायला लागलात की अहो, मध्ये कोणाला शिरता येतं का?"

मी घोषालबाबूंना काय समजत होतो, ते सुनंदानं इराला आणि इरानं त्यांना बंगालीत सांगितलं. आधी ते लाजले, मग इतके हसले की शेजारची टेबलं वळून बघायला लागली. लगेच त्यांनी बायकोला फोन लावून सगळं पुन्हा सांगितलं. मी इराचा हात धरून म्हटलं, "शीक. पाच काय, नऊ वर्षं शीक." ती रडता रडता हसली. संदेशचा डबा ती आणि घोषालबाबू या दोघांनीच संपवला.

मग घोषालबाबूंनी विचारलं, इराच्या अभ्यासात या दुपारचा उपयोग केला तर चालेल का? तिचा विषयच तो आहे: परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबात माणसं एकमेकांचं बोलणं कसं समजून घेतात. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण आता आमच्या घरावर आहे. त्यात माझं नाव नाही, नुसतंच 'वडील' असं लिहिलं आहे. परवा ते वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर अडलो. इरानं जवळ बसून अर्धा तास मला ते मराठीतून समजावून दिलं. सगळं कळल्यासारखी मी मान डोलावली.

तिनं ताबडतोब पेन काढलं आणि तेही लिहून घेतलं.