मनूच्या बाहुल्याचं घर

मी आयुष्यात एकच घर बांधलं. ते दीड हात उंच होतं आणि त्याचं दार फक्त एकदाच लागलं.

झालं असं, की आम्ही देवासला असताना आमच्या सात वर्षांच्या मनूनं आपल्या बाहुल्याचं लग्न शेजारच्या गुलाबच्या बाहुलीशी ठरवलं. मुहूर्त अक्षय्यतृतीयेचा. पण वधूपक्षाची अट कडक. "घर नी, तो लाडी भी नी!" गुलाबनं आपल्या मालवीत ठणकावलं. नवऱ्याला घर नाही, तर नवरी मिळायची नाही! मनू रडून रडून जेवेना. तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "रडू नकोस. घर मी बांधतो!"

"इकडून?" मनूच्या आईनं पदर तोंडाला लावला. "इकडच्या हातानं अजून भिंतीत खुंटी ठोकली गेली नाही. भेरू सुताराला सांगावं, म्हणते मी."

"माझ्या मुलीचं काम आहे. मीच करणार!" (दरबारच्या दफ्तरात दहा वर्षं बोरू चालवलेल्या माणसाला रंधा तो काय जड?)

हत्यारं मात्र भेरूकडूनच आणली. पहिल्याच दिवशी करवतीनं फळी कापली. तिच्याखाली ठेवलेला जेवणाचा पाटही कापला गेला, पण तो जुनाच होता. मी हटलो नाही. अंगठा ठेचला, तरी हटलो नाही. भेरू येता-जाता डोकावायचा आणि कपाळाला हात लावायचा. एकदा निघताना म्हणाला, "भाऊसाब, किवाड के दो सूत छोडजो. भूलजो मती!"

दाराला दोन सूत सोडा! सुताराला सुतार का म्हणतात, ते मला त्या क्षणी उमगलं. काहीतरी शास्त्र असणार! आणि शुभकार्याचं घर, तेव्हा साधं सूत कसं चालेल? मी देवघरातून जानव्याचं सूत काढलं, दोन पदर तोडले, डिंकानं चौकटीला चिकटवले आणि टोकं बाहेर छान लोंबती सोडली. दार मात्र चौकटीत अगदी नेमकं बसवलं. केसाचीही फट ठेवली नाही!

लग्नाच्या दिवशी गुलाब, तिची आजी आणि गल्लीतल्या साऱ्या मुली वाजतगाजत अंगणात आल्या. नवरदेव आपल्या घरात बसला होता. "पाहा, दार कसं बसतं ते!" असं म्हणत मी दार लोटलं. दार बसलं. असं बसलं, की उठेचना!

कडी ओढली. कडी हातात आली. सुरी घातली. सुरी वाकली. छप्पर काढायला गेलो, तर त्यात मीच डबाभर खिळे मारलेले!

"लाडो बाहर नी आवे कई?" गुलाबनं विचारलं, आणि नवरदेव बाहेर येत नाही असं पाहून बाहुली ओढणीखाली घेऊन ती आपल्या घराकडे वळली. मनूचा ओठ थरथरू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणीतरी भेरूला बोलावून आणलं. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "दो सूत छोड्या था के नी?"

"सोडले की! हे काय!" मी लोंबणारे धागे दाखवले. "चांगले जानव्याचे आहेत!"

भेरू मटकन खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. "अरे भाऊसाब, सूत याने इत्तीक जगा! इंच को आठवो हिस्सो!"

म्हणजे फट! दार फिरायला मोकळी ठेवायची फट!

"सुतावरून स्वर्ग गाठायचा, तो असा," मनूची आई आतून म्हणाली.

भेरूनं पटाशी उचलली. "खबरदार!" मी ओरडलो. "माझ्या मुलीचा नवरदेव मीच सोडवणार!" मी पाय रोवले, चौकटीच्या कडा बोटांनी घट्ट धरल्या, डोळे मिटले आणि होता नव्हता तो जोर लावून ओढलं. काड्‌कन आवाज झाला. मी उताणा पडलो आणि माझ्या छातीवर घराची अख्खी पुढची भिंत! तिच्यातलं दार तेव्हाही घट्ट बंद होतं!

आत नवरदेव शांत बसलेला. गुलाब परत फिरली आणि वाकून पाहू लागली. माजघर, जिना, चूल, सगळं एका नजरेत दिसत होतं. "ओ मां! असो घर तो म्हने भी चावे!" असं घर तर आपल्यालाही हवं, असं म्हणत तिनं बाहुली सरळ नेऊन नवऱ्याशेजारी बसवली. मनू खुदकन हसली, आणि लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी भेरू आमच्याकडे हजर. गल्लीतल्या चार मुलींनी आपापल्या बापांकडे हट्ट धरला होता, की घर हवं तर भिंत पडलेलंच!

मी घसा खाकरून विचारलं, "मग, मला घेतोस का मदतीला?"

"घर तो म्हूं बणई लूंगा, भाऊसाब," तो हात जोडून म्हणाला. "भींत पाडणी व्हेगी, जदे आपने बुलऊंगा."

भिंत पाडायला तर भिंत पाडायला! मी लगेच हो म्हटलं. कारागीर म्हणून मला आलेलं ते पहिलंच बोलावणं होतं!