मेहुण्यांचा रांजण

माणसांपेक्षा त्यांचं रक्त ज्याला जास्त ओळखीचं, असा उभ्या खानदेशात एकच गृहस्थ होता आणि तो नेमका माझा मेहुणा निघाला. शहाद्याच्या बाजारात मी त्यांच्यापुढे लोटांगण घातलं असतं तरी ‘कोण बुवा?’ म्हणून ते वळसा घालून गेले असते. पण ते जिथे रक्त तपासायला होते, त्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या रक्ताची काच आली, की मान वर न करता म्हणत, “पाव्हना, हाई रगत तुम्हनं शे ना?” पेशींना त्यांनी आपल्या घरची नावं दिली होती. गोल गरगरीत, अंग भरून बसलेली ती शेठजी. तीन गाठींची, दुखणं आलं की आधी धावणारी ती शिपाई. आणि अंगभर कुंकवाचे दाणे असलेली ती नवरी. मला दमा, म्हणून माझ्या रक्तात ही शेवटची जात फार. “तुम्हना रगतमा नवऱ्या भलत्या वाढेल शेतस,” असं ते भर पंगतीत म्हणाले, तेव्हा त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काचेवर रंग चढवायला त्यांना पावसाचं साठवलेलं पाणीच लागे. विहिरीच्या जड पाण्याने सगळ्या पेशी निळ्या पडत. ते पाणी घरातल्या एका रांजणात असे आणि त्या रांजणाला त्यांनी देवघरापेक्षा कडक सोवळं लावलं होतं.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि ऐन उन्हाळ्यात तापाने फणफणली. मी धावत गेलो. हिवतापच असावा, कोयनेल सुरू करू, असं डॉक्टरांचं म्हणणं. कोयनेलने पोट पडेल ही भीती, आणि हिवताप असून न द्यावं तर दोन्ही जीव जाण्याची. “आधी रक्त बघतो,” एवढंच मेहुणे म्हणाले. जेवून, रांजणातलं पाणी दवाखान्यात नेऊन काच रंगवायला घेतली, तर सगळं निळंशार! शिपाई कुठला, शेठजी कुठला, काही कळेना. नवऱ्यांचं कुंकूसुद्धा उडालेलं. ते घरी येऊन रांजणाशी उभे राहिले, तेव्हा त्यांची बायको, आमच्या वहिनी, रडवेल्या होऊन म्हणाल्या, “पाव्हना उनात. हेरना पानीमा दाय शिजस का?” मला लोण्यासारखी डाळ वाढावी म्हणून त्यांनी रांजण उपसला होता आणि कुणाला कळू नये म्हणून विहिरीच्या पाण्याने भरून ठेवला होता. ती डाळ मी तीनदा मागून घेतली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेहुण्यांनी चुलीवर पातेलं ठेवलं आणि झाकणावर जमणारं वाफेचं हलकं पाणी थेंबाथेंबाने वाटीत निथळत दुपारभर धुरात बसून राहिले. मग चार काचा रंगवल्या, चारही दोनदोनदा पाहिल्या. घरी आले ते बहिणीच्या उशाशी बसले. माणसाच्या तोंडाकडे इतका वेळ बघताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. “बाई, तुन्हा रगतमा जंतू नही शेतस. कोयनेल नको.” तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पुढे यथासांग मुलगी झाली.

आता मेहुणे नाहीत. परवा त्या मुलीला घेऊन शहाद्याला गेलो होतो. रांजण पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला होता, वर धुवट फडकं बांधलेलं. वहिनींनी डाळ वाढली, ती विहिरीच्या पाण्यातली, कचकचीत कच्ची. मी तीनदा मागून घेतली.