बाबांच्या कॅलेंडरमधली शेवटची नोंद

भुताखेतांचे किस्से ऐकून हसणारा माणूस आहे मी. मध्य प्रदेशात, बालाघाटला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. बिघाडाला कारण असतं आणि शोधलं की सापडतं, यावरच माझं पोट चालतं. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

बाबा बैहरला एका सरकारी कार्यालयात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. तिथले साहेब अडचणीचं काही कागदावर देत नसत, सगळं तोंडी. बाबांनी त्यावर तोड काढली होती. साहेब जे तोंडी सांगतील, ते त्याच दिवशी मेलच्या कॅलेंडरमध्ये टाकायचं, आधी 'मौखिक' लिहून. ऑफिसात लोक त्यांची टिंगल करायचे.

मग मुलींच्या वसतिगृहाची भिंत पडली. एका पोरीचा पाय गेला. भिंतीला तडे गेल्याचं पत्र तीन आठवडे आधी मेलवर आलं होतं. साहेबांनी सरळ हात वर केले — बाबूंनी पत्र दाखवलंच नाही म्हणे. बाबा निलंबित झाले. त्याच दिवशी त्यांनी जुन्या मेल आणि कॅलेंडरची आर्काइव्ह फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, पाकिटात घालून डिंकाने बंद केली आणि चिकटवलेल्या जागी तारखेसह सही केली. चौकशीत ते पाकीट कुणी हातातही घेतलं नाही. आठ महिन्यांत बाबा गेले.

यंदा नवे अधिकारी आले. पुरावा असेल तर प्रकरण पुन्हा उघडू म्हणाले. आईने पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"तुले येते ना हे काम? मंग उघड. त्याईचं नाव तं साफ होऊ दे."

भरदुपारी दुकानात, पाकिटावरची सही नीट तपासून मीच ते फोडलं. फाईल खराब झाली होती. कॉपी करून दुरुस्तीचं टूल दोनदा चालवलं, तेव्हा कुठे कॅलेंडर उघडलं. आणि नोंद होती! 'मौखिक — साहब: दौरे के बाद देखेंगे, अभी पत्र रोक लो.' मी दुकानातच रडलो.

मग सहज शेवटपर्यंत गेलो. निलंबनानंतर दोन महिन्यांच्या तारखेला आणखी एक नोंद होती. ऑफिसात बाबा हिंदीतच लिहायचे. ही आमच्या घरच्या बोलीत होती.

'मौखिक — सुधीर: बाबा, तुमीच विसरले असान.'

त्या पत्राबद्दल हे मी म्हणालो होतो. अंगणात, आम्ही दोघंच होतो. आई परसवाडा गावी मावशीकडे गेली होती. बाबा उठून आत गेले होते. तेव्हा पाकीट बंद होऊन दोन महिने झाले होते आणि ऑफिसचा कॉम्प्युटर त्यांना बंद होता. मी मूळ फाईल तपासली, मशीनचं घड्याळ तपासलं, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलं. नोंद तिथेच. दुरुस्तीचं टूल वाक्यं लिहीत नाही हो!

अधिकाऱ्यांना आडून विचारलं. पाकीट बंद केल्यानंतरची एक जरी नोंद निघाली तर अख्खी फाईल बनावट धरू, म्हणाले. खोडणं एका बटणाचं काम होतं. तीनदा बोट ठेवलं, तीनदा काढलं. त्या फाईलमध्ये ज्याचा मी स्वतः साक्षीदार होतो असं तेवढंच होतं; तेच खोडून बाकीचं खरं म्हणून कसं देऊ? नोंद खोडली नाही, फाईलही दिली नाही.

ती नोंद आली कुठून, आजही सांगता येत नाही. आईला मात्र सांगितलं, की फाईल उघडलीच नाही.

ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे बेटा. तुनं कोशिश तं केली ना त्याईच्यासाठी."